विंडरोचा फॉर्म आणि आमचा भाडेकरू

टोरांटोच्या आसपास नव्याने राहायला आलेल्यांना बर्फ पडण्याचं मोठं कौतुक असतं. तो काढायचा कोणी, हे पहिल्या जानेवारीत कळतं. ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, तुमचा, पायऱ्या तुमच्या, रस्ता म्युनिसिपालिटीचा. फुटपाथचं गावागणिक निराळं. कुठे पालिका काढते, कुठे घरासमोरचा पट्टा घरमालकाच्या गळ्यात. इथवर समजतं. भांडण असतं ते ड्राइव्हवे आणि रस्ता जिथे मिळतात त्या तीन-चार फुटांवरून. प्लाऊ, म्हणजे पालिकेची बर्फ लोटणारी गाडी, रस्ता साफ करत जातो आणि उजव्या अंगाला लोटलेला बर्फ प्रत्येक घराच्या तोंडाशी बांध घातल्यासारखा टाकून जातो. हा विंडरो. वरून पडलेला बर्फ फावड्यावर हलका येतो, हा येत नाही. त्यात रस्त्यावरचं मीठ, काळा चिखल, गाड्यांच्या चाकांनी दाबलेली ढेकळं असं सगळं असतं, आणि रात्रभर राहिला की फावडं त्यावर नुसतं खणखणतं. काही शहरं हा सगळ्यांसाठी काढून देतात. खुद्द टोरांटोच्या उपनगरी भागांतही, जिथे मशीन शिरतं तिथे, पालिका काढते. आमच्या गावात मात्र फक्त ६५ च्या पुढच्यांसाठी आणि अपंगांसाठी, तेही अर्ज केला तर.

यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून डॉक्टरांनी फावड्याला हात लावू नका म्हणून बजावलंय. माझे गुडघे माझ्या वयाचे आहेत. मुलगा कॅल्गरीला. तेव्हा अर्ज करायचं ठरलं. फॉर्म ऑनलाइन, वयाचा दाखला, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, सगळं एका बैठकीत झालं. डॉक्टरांच्या सहीचा कागद मागितलाच तर तो फुकट मिळत नाही, हे लक्षात ठेवा. असले फॉर्म ओहिपमध्ये, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्यात, बसत नाहीत, क्लिनिक वेगळे पैसे घेतं. आम्ही वयावर अर्ज केला, त्यामुळे ते वाचलं.

अडलं ते एका रकान्यात. घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं आणि वयं लिहा. मी लिहिली. आम्ही दोघं, आणि बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा नाशिकचा मुलगा. कॉलेजात शिकतो आणि रात्री वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करतो. त्याचं दार वेगळं, किचन वेगळं, भाडेकरार वेगळा. नाव लपवायचा प्रश्नच नव्हता. थोड्या दिवसांत उत्तर आलं: अर्ज नामंजूर, कारण पत्त्यावर ६५ वर्षांखालची धडधाकट व्यक्ती राहते.

मी फोन केला. बराच वेळ सनईच्या जागी पियानो ऐकल्यावर एक बाई लाइनवर आल्या. बोलायला अगदी गोड.

"तो तुमच्याच पत्त्यावर राहतो ना?"

"राहतो, पण तो भाडेकरू आहे."

"त्याला काही आजार आहे का?"

"नाही हो, उन्हाळ्यात क्रिकेट खेळतो."

"मग अडचण काय आहे?"

अडचण काय आहे! मी त्यांना सांगितलं की तो आमचा कोणी लागत नाही, आम्ही त्याच्याकडून भाडं घेतो. त्या म्हणाल्या, सिस्टिममध्ये घर एक, पत्ता एक, म्हणजे कुटुंब एक. फारच वाटत असेल तर त्याला हे काम जमत नाही असं डॉक्टरांचं पत्र त्याने आणावं. पंचविशीच्या पोराने आजारपणाचं पत्र आणायचं, कशासाठी, तर घरमालकाच्या दारातला बर्फ पालिकेने काढावा म्हणून. पुढच्या फोनला वेगळा माणूस, वाक्य तेच. त्यानंतरचा म्हणाला, फाइल वर पाठवतो. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही सांगता येईना.

पोरगा बिचारा म्हणे, "काकू, एवढं काय, मी काढतो ना." आणि काढायचाही. रात्रपाळी करून सकाळी आला की बूट न काढता फावडं घ्यायचा. पण त्याच्या भलेपणावर पालिकेची योजना चालवायची का? एप्रिलमध्ये तो खोली सोडून गेला असता तर? आणि मुख्य म्हणजे ते काढताना त्याची कंबर लचकली असती, तर जबाबदार कोण?

या शेवटच्या प्रश्नानेच वाट दाखवली. ओंटारियोत, म्हणजे आमच्या प्रांतात, भाड्याच्या घराचा येण्याजाण्याचा रस्ता बर्फापासून मोकळा ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. पुष्कळ आपले लोक भाडेकरारात 'बर्फ भाडेकरूने काढावा' अशी ओळ बिनधास्त टाकतात. ती टिकत नाही. बेसमेंटमध्ये राहणारी एक भाडेकरू बर्फावरून घसरली, करारात अशीच ओळ होती, आणि २००९ साली प्रांताच्या अपील न्यायालयाने ती ओळ कायद्याविरुद्ध ठरवली. भाडेकरूकडून हे काम करून घ्यायचं तर त्याचा स्वतंत्र करार हवा, भाड्यात मिसळलेला नाही. म्हणजे कायदा मला सांगतो की भाडेकरूच्या हातात फावडं देऊ नकोस, आणि पालिका सांगते की त्याच्या हातात फावडं दे.

हेच वाक्य मी लिहून काढलं. फोन बंद. एक पानाचं पत्र केलं, सोबत भाडेकराराचं पहिलं पान (भाड्याचा आकडा झाकून), बाजूच्या दाराचा फोटो, आणि प्रत्येक फोनला मिळालेला तक्रार नंबर. ते आमच्या वॉर्डाच्या काउन्सिलरच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, ऑफिसला पाठवलं, खात्याला नुसती प्रत. खात्याला आधी लिहाल तर ते पुन्हा त्याच सिस्टिममध्ये पडेल. काउन्सिलरच्या ऑफिसातल्या मुलीने दोन प्रश्न विचारले, दोन्ही मुद्द्याचे. मग खात्याकडून ईमेल आली, एका ओळीची: अर्ज मंजूर. चूक झाली, माफ करा, असं काही नाही. मी ती ईमेल छापून फ्रीजवर लावली. हे हसले, हसू देत.

मात्र मंजूर झालं म्हणजे प्लाऊच्या मागोमाग माणूस येतो असं समजू नका. आधी सगळे रस्ते व्हायचे, मग विंडरो. आतल्या गल्ल्यांसाठी प्रांताचं किमान मानकच असं आहे की १० सेंटिमीटर साचल्यावर २४ तासांत साफ व्हावं, त्यापुढे आपला नंबर. २०२५ च्या फेब्रुवारीत टोरांटो भागात थोडक्या दिवसांत ५० सेंटिमीटरहून जास्त पडला, तेव्हा सगळंच लांबलं. आणि गाडी एक निघेल एवढीच फट करतात. सकाळी सातला दवाखान्याची अपॉइंटमेंट असेल तर शेजाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

ज्यांना ही सोय नाही त्यांनी एवढं करावं: रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की प्लाऊ आपल्या डावीकडून येतो. ड्राइव्हवेच्या डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेला थोडी जागा आधीच मोकळी केली की प्लाऊचा बराच बर्फ तिथे उतरतो, दारात कमी येतो. काढलेला बर्फ उजवीकडे टाका. रस्त्यावर ढकलू नका, हायवे ट्रॅफिक अॅक्टमध्ये त्याला मनाई आहे. समोरच्या घरासमोर नेऊन टाकणारे आमच्या गल्लीतही आहेत, नाव कशाला घेऊ.

अर्ज थंडी पडायच्या आधी करा, ऑक्टोबरातच चौकशी करा. दरवर्षी नव्याने करावा लागतो. तापमान उणे दहा-बाराच्या खाली गेलं की मीठ मंदावतं, तेव्हा पायऱ्यांवर वाळू बरी. आणि एक राहिलंच: घराच्या बाजूच्या भिंतीतून फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे, दोन पांढरे पाइप बाहेर आलेले असतात. वादळानंतर ड्राइव्हवेच्या आधी तिथला बर्फ हाताने बाजूला करा. ते बुजले तर फर्नेस बंद पडतो, किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. ते काम कुठल्याच फॉर्मवर पालिका करून देत नाही.