घ्यायच्या आधी झिजणारा भाग विचारावा

दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या वेलींना तार बांधण्यासाठी भिंतीत हुक बसवत असताना माझे ड्रिल मशीन मध्येच थांबले. बटण दाबल्यावर ते कधी चाले, कधी नुसतेच गप्प राही. हाताने जरा थोपटले की पुन्हा सुरू होई, आणि चालू असताना मागच्या जाळीतून नारिंगी ठिणग्यांचे कडे दिसे. दुरुस्तीच्या एका दुकानात नेले, तर "आर्मेचर (मोटारीचा आत फिरणारा भाग) गेले आहे, नवीनच घ्या" असे सांगण्यात आले. मशीन पाच वर्षांचे होते आणि घरापुरतेच वापरलेले होते, त्यामुळे ते मनाला पटले नाही.

घरी आणून, प्लग काढून बाजूला ठेवून, मोटारीच्या दोन्ही अंगांना असलेल्या काळ्या टोप्या मी स्क्रू ड्रायव्हरने उघडल्या. स्प्रिंगसकट बाहेर आलेला एक कार्बन जेमतेम चार मिलिमीटर उरला होता आणि दुसरा तिरपा झिजून एका बाजूने तुटला होता. हे कार्बन म्हणजे फिरत्या आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांना टेकून वीज पोहोचवणारे दोन लहान ठोकळे. ते झिजण्यासाठीच असतात. ते आखूड झाले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, संपर्क सुटू लागतो आणि त्या सुटण्यातून मोठ्या ठिणग्या उडतात. बारीक निळसर ठिणगी कोणत्याही चालत्या मशीनमध्ये दिसते, तिची काळजी करू नये. मात्र नारिंगी कडे दिसू लागले की मशीन लगेच थांबवावे, कारण त्याच अवस्थेत रेटत राहिल्यास तांब्याच्या पट्ट्या खरोखर जळतात आणि मग आर्मेचर बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मी जुना कार्बन दाखवून त्याच मापाची जोडी आणली. दोन्ही एकदमच बदलावे लागतात. बसवल्यावर मशीन काही मिनिटे रिकामे फिरवले, म्हणजे नव्या कार्बनचे तोंड पट्ट्यांच्या गोलाईला जुळते. ते मशीन आजही चालते आहे.

त्या दिवसापासून कोणतेही हत्यार घेताना मी दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारतो, की यातला झिजणारा भाग कोणता आणि तो सुटा मिळतो का. ड्रिलच्या खोक्यावर वॅट आणि फेरे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. कार्बन बदलण्यासाठी बाहेरून टोप्या दिल्या आहेत की सगळे कवच उघडावे लागते, हे कुठेही लिहिलेले नसते, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते.

मशीन कोणते घ्यावे हे आपल्या भिंतींवर ठरते. तेरा मिलिमीटर चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याच्या, साध्या हॅमर ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवरून सरकून ठोके देतात. विटांच्या भिंतीला ते पुरे होते. आरसीसीच्या खांबात किंवा तुळईत मात्र ते रडकुंडीला आणते, कारण ठोक्याचा जोर आपल्या हाताच्या रेट्यातून येतो. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने सरकणारा दट्ट्या बिटाच्या मागे आघात करतो, म्हणून मशीन नुसते टेकवून धरले तरी भोक पडते. वर्षातून दोन-चार वेळा खांबात भोक पाडायचे असेल तर ते भाड्याने आणावे किंवा कारागिराला बोलवावे. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंतींची गोष्ट अगदी उलटी आहे. तिथे हॅमर बंद ठेवावा, गिट्टीपेक्षा (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकतात त्या नळीपेक्षा) थोडे बारीक बिट घ्यावे आणि गिट्टी लांब वापरावी, नाहीतर भोक मोठे होऊन स्क्रू हातात येतो.

भोक पडतच नाही आणि बिट तापते आहे, अशी तक्रार माझ्याकडे शेजारी अनेकदा घेऊन येतात. बहुतेक वेळा दिशा बदलणारा खटका उलटा पडलेला असतो. उलट्या दिशेने दगड कापला जात नाही, टोकाचा कठीण तुकडा तापून निसटतो आणि दोष मात्र बिटाला लागतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच ओळीत आडवे भोक पाडू नये. भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषांतून गेलेल्या असतात.

बागेतही न्याय तोच आहे. माझ्याकडचा पाच लिटरचा फवारणी पंप एका हिवाळ्यात दाब धरेनासा झाला. अशा वेळी दांडा हाताला काय सांगतो ते पाहावे. दांडा काहीच अडथळा न होता खाली जात असेल तर पिस्टनचे वायसर वाळले आहे किंवा झिजले आहे. आणि दाबून सोडलेला दांडा आपोआप वर येत असेल तर नळीच्या तळाची झडप कचऱ्यामुळे नीट मिटत नाही. माझ्या पंपाचा दांडा वर येत होता. आधी टाकीतला दाब सोडून नळी बाहेर काढली, तर झडपेच्या रबराखाली कडुनिंबाच्या पाल्याचा नखाएवढा तुकडा अडकलेला होता. दशपर्णी अर्क, म्हणजे किडींसाठी दहा झाडांच्या पाल्याचा केलेला अर्क, मी गाळण्यातून गाळत असे, दुहेरी कापडातून गाळत नसे. चूक तिथेच होती. ते रबर धुऊन, वायसरला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावून बसवल्यावर दाब पूर्ववत झाला. नोझल तुंबले तर ते कोमट पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने घासावे. तार घालू नये, भोक रुंदावते आणि फवाऱ्याऐवजी धार पडू लागते. तोंडाने फुंकर तर कधीच मारू नये. तणनाशक वापरायचे असेल तर त्याचा पंप वेगळाच ठेवावा, कारण कितीही धुतला तरी राहिलेला अंश मिरचीची रोपे वाकवायला पुरतो.

फांद्या छाटण्याच्या कात्रीबद्दल थोडक्यात सांगतो. एकमेकींशेजारून सरकणाऱ्या पात्यांची कात्री हिरव्या फांदीला चांगली, आणि धार लावताना फक्त उतरत्या बाजूवर दगड फिरवावा. सपाट बाजू घासली की पात्यांत फट पडते आणि साल चिरडते.

खुरपे मात्र मी दुकानातून घेत नाही. पत्र्याचे रंगीत खुरपे कोरड्या मातीत वाकते. माझ्याकडे आहे ते आईचे, गावच्या लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेले. त्याचा बाभळीचा दांडा दोनदा बदलून झाला आहे. दांडा हलू लागला की पाण्यात भिजवल्याने तो दोन दिवस घट्ट बसतो आणि वाळला की पुन्हा हलतो, म्हणून पाचर ठोकणे हाच खरा उपाय. पाते वापरून वापरून दोन बोटे झिजले आहे. मृगाच्या आधी ते शेवटून, म्हणजे लोहाराकडून तापवून-ठोकून झिजलेले पाते पुन्हा नीट करून, आणायला गावी न्यायचे आहे.