तुझ्या वाटणीचं मी म्हणतो

आई जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि मी पुन्हा ड्युटीवर हजर झाले. आमचा वॉर्ड आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचा. बरं करणं इथे कुणाच्या हातात नसतं, दुखणं, धाप आणि भीती कमी करणं तेवढं असतं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या, "आणखी आठ दिवस घे." मीच नको म्हटलं. घरी बसलं की आईचा शेवटचा तास पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे यायचा.

त्या तासाचं मला फार लागलंय. अकरा वर्षं मी हेच काम करतेय. श्वास खोल होत जातो, मग उथळ, मग कितीतरी सेकंद थांबतोच, आणि पुन्हा सुरू होतो. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटते. दुसऱ्या कुणाच्या आईला असं झालं तर मी दारातूनच ओळखते. माझ्या आईच्या उशाशी बसून मात्र मी भावाला सांगितलं, "गाढ झोप लागलीय तिला." तो विश्वासाने औषध आणायला खाली गेला आणि तेवढ्यात आई गेली. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट रोज रात्री नऊला त्याचा फोन येतो. बोलायला काही नसलं तरी येतो.

प्रार्थना मात्र तुटली होती. संध्याकाळी आई सुरुवात करायची, आम्ही मागून म्हणायचो. ती गेल्यावर पहिल्या ओळीलाच माझा घसा बंद व्हायचा. देवावर रागही होता. बाबांना हे सांगितलं तेव्हा वाटलं, ते समजूत घालतील. ते एवढंच म्हणाले, "राहू दे. सध्या तुझ्या वाटणीचं मी म्हणतो." आणि त्या दिवसापासून ते खरंच दोनदा म्हणू लागले. एकदा स्वतःचं, एकदा माझं.

त्या दिवशी सात नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. मुलगी रात्रीपासून एकटीच जवळ बसलेली. चारच्या सुमाराला आजींचा श्वास बदलला. मी तिच्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, "ताई, वेळ जवळ आलीय. भावाला आत्ताच बोलवून घ्या." हे वाक्य माझ्या तोंडून तेवीस दिवस उशिरा निघालं होतं.

घशात घरघर सुरू झाली. ऐकणाऱ्याला ती सहन होत नाही. रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नसतो, हे मी तिला सांगितलं. आजींना कुशीवर वळवलं, लिहून दिलेलं इंजेक्शन दिलं, ओल्या कापसाने ओठ टिपले.

"सिस्टर, तिला ऐकू येतं का?"

२०२० साली कॅनडातल्या संशोधकांनी शुद्ध हरपलेल्या, अखेरच्या तासांतल्या काही रुग्णांच्या मेंदूचे आलेख तपासले होते. त्यातल्या काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देत होता. अर्थ कळतो का, हे त्यावरून ठरत नाही. मी तिला दोन्ही सांगितलं. मग म्हटलं, "येतं असं धरूनच बोला."

तिला बोलता येईना. भाऊ धावत आला, पायाशी बसून त्याने आईची पावलं हातात घेतली. तो वेळेवर पोचला हे बघून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. मुलगी म्हणाली, "आई रोज प्रार्थना करायची. माझ्या तोंडून शब्दच निघत नाहीत. मी तर देवाशी भांडलेय."

"भांडण असू द्या," मी म्हटलं. "तुमच्या वाटणीचं मी म्हणते."

ती प्रार्थना माझ्या आईची नव्हती. वॉर्डात ऐकून ऐकून मला अर्धीमुर्धी येत होती. मी अडले तिथे भाऊ शब्द पुरवायचा. तिसऱ्यांदा म्हणताना मुलीचे ओठ हलू लागले. पाच चाळीसला श्वास थांबला तो परत आला नाही.

डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशाच शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू केलं. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, असं त्या सांगत. शिकताना परीक्षेत मी हे लिहिलं होतं. श्रद्धेच्या दुखण्यावर नेमकं काय करायचं, ते मला बाबांकडून कळलं.

मी वेळ नोंदवली, आजींचे डोळे मिटवले आणि चादरींच्या खोलीत जाऊन रडले. इन्चार्ज सिस्टर काही न विचारता दाराशी उभ्या राहिल्या, कुणाला आत येऊ दिलं नाही.

घरी पोचले तेव्हा बाबांचं एकदा म्हणून झालं होतं. माझं सुरू होतं. मी चपला काढून त्यांच्या शेजारी बसले आणि दुसऱ्या ओळीपासून म्हणू लागले. आवाज फुटत होता. बाबा थांबले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त त्यांनी स्वतःचा आवाज थोडा खाली घेतला.