सा तरी लागू द्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा नेहमीचाच. मैफल संपते, चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधताना कुणीतरी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघतं आणि म्हणतं, "अहो, आता मोबाइललासुद्धा अंधारात दिसतं. तुम्ही अजून रोल कशाला घालता? तोही ब्लॅक अँड व्हाइट?" त्या गर्दीत मी "हौस" म्हणते आणि सटकते. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, आणि ते सुरू होतं मी खाल्लेल्या बोलण्यापासून.

पुण्यातली घरगुती बैठक होती. साठ-सत्तर माणसं, माइक नाही. तानपुरे जुळले होते, गायिकेने डोळे मिटले, गालावर एकाच बाजूने उजेड. मी बटण दाबलं. निकॉन एफएम-२ हा माझा कॅमेरा ज्यांनी हाताळलाय त्यांना त्याचा आवाज ठाऊक असेल. आरसा वर आपटतो, पडदा धावतो, आरसा खाली येतो. दुकानात हा आवाज गोड वाटतो. इथे पहिल्याच षड्जावर तो दाराला कडी घातल्यासारखा वाजला. शेजारचे आजोबा मान न वळवता, पण पुढच्या तीन ओळींना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, सा तरी लागू द्या."

तेव्हापासून आलापीत मी बटणाला बोट लावत नाही. मग लावायचं कधी? जिथे आवाज लपेल तिथे, म्हणजे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. संथ गायकीत विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, पाऊण मिनिट चालतं, कधी मिनिटभरही. म्हणजे मिनिटाला एक संधी. दहाव्या मात्रेचा तिरकिट ऐकू आला की फोकस परत बघायचा, श्वास सोडायचा आणि मुखड्याचा, म्हणजे समेकडे नेणाऱ्या बंदिशीच्या ओळीचा, हात धरून समेवर यायचं. 'धिं' आणि माझा शटर एकदम. अर्धी मात्रा आधी दाबलं तर सगळ्यांना कळतं.

हे नुसतं भिडेखातर केलं होतं, पण रोल धुतल्यावर दिसलं की फोटोही त्यामुळेच बरे येतायत. उजेड कमी असला की शटर एक-तीसांश ते एक-साठांश सेकंदावर येतो आणि गाणारा माणूस काही स्टुडिओतल्यासारखा बसत नाही. तान घेताना मान, हात, खांदे सगळं हलतं. पण समेवर येताना वर गेलेला हात क्षणभर तिथेच थांबतो, आणि नजर बहुतेक वेळा तबलजीकडे वळते. म्हणून मी तबल्याच्या बाजूच्या कोपऱ्यात बसते. चेहरा आपसूक माझ्याकडे येतो आणि माइक तोंडासमोरून बाजूला होतो. तबलजीचे हात द्रुतमध्ये धुरासारखे येतात. येऊ देत. डोळे हलायला नकोत एवढंच माझं म्हणणं.

आता रोलचं. मी एचपी-५ ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म वापरते. ती मुळात ४०० आयएसओची; हा आकडा जितका मोठा तितक्या कमी उजेडात काम भागतं. मी कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर १६००वर लावते, म्हणजे फिल्मला लागतो त्याच्या पाव हिश्शाने उजेड देते, आणि ती उपासमार धुताना भरून काढते. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटांऐवजी १४ मिनिटं. याला 'पुश करणं' म्हणतात. लोकांना वाटतं त्याने फिल्मची नजर वाढते. तसं काही नाही. जिथे उजेड पोचलाच नाही तिथे चौदा काय, चाळीस मिनिटं ठेवली तरी काही उगवत नाही. वाढतो तो फक्त उजळ भागाचा उठाव, आणि दाणा, म्हणजे फोटोतला रवाळपणा. याचा सगळ्यात मोठा अन्याय होतो तानपुऱ्यावर बसलेल्या मुलींवर. त्या अर्धा हात मागे, उजेडाच्या कडेला बसतात. माझ्या निम्म्या फोटोंत भोपळ्याची एक चकाकती कड दिसते आणि वाजवणारी गायब. त्यांतल्या एकीने मला तोंडावर विचारलंय, "मी त्या दिवशी आले नव्हते का?"

मीटरवरही विसंबून चालत नाही. मागे काळा पडदा असला की मीटर घाबरतो, शटर आणखी सावकाश करा म्हणतो, आणि ते ऐकलं तर चेहऱ्याचं पिठलं होतं. म्हणून तानपुरे जुळवत असतानाच जवळ जाऊन फक्त गालावरचा उजेड मोजून घ्यायचा आणि मग मीटरकडे ढुंकूनही बघायचं नाही.

रंग का नकोत, हे तर मांडवात गेलात की कळेल. हल्ली एलईडीचे जांभळे-निळे झोत असतात, त्यात भलाभला गवई भुतासारखा दिसतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती आतषबाजी बाद होते. योगायोग बघा, भीमसेनजींनी सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला १९५३ साली आणि कोडॅकची ट्राय-एक्स ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये आली १९५४ साली. रात्र रात्र चालणारी गाणी आणि अंधारात चालणारी फिल्म, दोन्ही एकाच वयाची. गाणी आता रात्री दहाच्या नियमात बसली, फिल्म महागली. एका रोलच्या पैशांत आम्ही दोघं पोटभर जेवून येऊ, हे घरातून ऐकवलं जातंच.

मध्ये एकदा बिनआवाजाचा डिजिटल कॅमेरा मागून आणला होता. अजिबात आवाज नाही, आयएसओ १२८००. नऊशे फोटो काढले. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय गायल्या?" मला राग आठवेना. हव्या तेव्हा दाबता येत होतं, त्यामुळे दहाव्या मात्रेकडे कान देण्याचं कारणच उरलं नव्हतं. कॅमेरा चांगला होता हो. परत दिला.

आणि शेवटचं. मागच्या पावसाळ्यात एका छोट्या सभागृहात वीज गेली. माइक मुके झाले. कुणीतरी दीपप्रज्वलनाची समई उचलून मंचाच्या कडेला आणून ठेवली. गवयाने एकदा वर पाहिलं आणि पेटीवाल्याला "चालू ठेवा" म्हणून गाणं पुढे नेलं. मागच्या ओळींतली माणसं उठून पुढे येऊन बसली. मीटरमध्ये नुसतं उणे चिन्ह. एक-अष्टमांश सेकंद, कोपर गुडघ्यावर टेकवून, आला असता फोटो. तबलजीही हात हलका करून वाजवत होते, इतका की शेजारणीच्या बांगड्या ऐकू येत होत्या. सम आली, गेली. पुढची आली. मी बोट काढून घेतलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी दिवे आले तेव्हा भैरवी संपत आली होती. रोलमध्ये अकरा फ्रेम उरल्या होत्या. त्यांत टाळ्या वाजवणारे लोक आहेत.