वारली छापायची, तर विचारायचं कुणाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "वारली तर आपल्या महाराष्ट्राचीच, मग कुर्त्यावर छापायला परवानगी कसली?" विचारणारे दादर-परळचे बुटिकवाले असतात, नाहीतर नुकतीच डिझाइन शिकून बाहेर पडलेली मुलं. हेतू कुणाचाच वाईट नसतो.

2025च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपला नुसत्या 'लेदर सँडल' म्हणून दाखवल्या, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवं होतं. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यावरच्या वारली बाईला दादरचा दुकानदार मिलानच्या ब्रँडपेक्षा जवळचा का वाटावा? तिच्या लग्नातली चित्रं दोघंही न विचारताच नेतात. भाषा एक आहे, जिल्हा शेजारचा आहे, एवढ्याने हक्क तयार होत नाही.

आधी कायद्यापुरतं. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठिकाणाशी जोडलेल्या नावाची नोंदणी) मिळालं. मानांकन नावाला संरक्षण देतं. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण आणि काड्यांचे हातपाय ही शैली त्यात अडकत नाही, ती कुणीही काढू शकतो. मात्र एखाद्या चित्रकाराने काढलेलं विशिष्ट चित्र त्याचं असतं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे 2018 मध्ये गेले. त्यांनी कुणाला लिहून दिला नसेल, तर त्यांच्या चित्रांचा हक्क 2078च्या अखेरपर्यंत वारसांकडे राहतो. त्यामुळे नेटवरून चित्र उतरवायचं, ट्रेस करायचं, दोन माणसं इकडची तिकडे करायची आणि 'पारंपरिक मोटिफ' म्हणून छापायचं, ही सरळ चोरी आहे. 'शैली सगळ्यांची' या सबबीखाली हे सर्रास चालतं.

ट्रेस केलेलं ओळखू येतं. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याची रेघ सुरुवातीला भरलेली असते आणि पुढे विरळ होत जाते. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा थर जिथे जाड बसतो तिथे कडाही वेडीवाकडी दिसते. कॉम्प्युटरवर काढलेली रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असते, आणि नाचणारी सगळी माणसं एकाच माणसाच्या कॉप्या असतात.

चित्राची खरी नासधूस होते ती रिपीट, म्हणजे कापडावर पुन्हा पुन्हा येणारा चित्राचा तुकडा, लावताना, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे छपाईच्या फिरत्या नळकांड्याचा, घेर बहुतेक ठिकाणी 64 सेंटिमीटर असतो, म्हणून रिपीटची उंची 64, 32, 16 अशी, 64ला पुरा भाग जाणारी ठेवावी लागते. तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचाचं चित्र 32 मध्ये बसवायचं म्हणून ऑपरेटर नाचणाऱ्यांच्या रांगेची शेपटी कापतो आणि उरलेला भाग मिरर करून, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा करून, जोडतो. प्रत्यक्ष नाचात तारपेकरी वाजवत फिरतो आणि हात गुंफलेली रांग त्याच्या मागोमाग वळते. मिरर केल्यावर सांध्यावर दोन रांगा समोरासमोर आदळतात, आणि निम्म्या ठिकाणी मध्ये तारपेकरीच उरत नाही. नाच कशाभोवती चाललाय ते चित्रात राहतच नाही.

पुढची काटछाट कटिंग टेबलावर. एकाच दिशेचं प्रिंट असलं की मार्कर, म्हणजे कापायच्या भागांची मांडणी, लावताना कापड जास्त जातं, म्हणून मोटिफ टू-वे करून घेतात: निम्मी माणसं सरळ, निम्मी डोकं खाली पाय वर. फुलापानांच्या प्रिंटला ते चालतं. माणसांना, बैलांना, देवाला चालवू नका. पूर्ण चित्र एकदाच, पाठीवर किंवा दुपट्ट्याच्या टोकाला, प्लेसमेंट प्रिंट म्हणून घ्या. डिजिटल प्रिंटला 64ची अट नसते. कापड थोडं वाया जाईल, तो खर्च किमतीत धरा.

डिजिटलची अडचण वेगळी आहे. सुती कापडावरच्या रिअॅक्टिव्ह प्रिंटमध्ये पांढरी शाई नसते. कापडाचा पांढरा तसाच सोडून भोवतीचा गेरू रंग छापतात. वाफवताना रंग किंचित पसरतो, बारीक रेघा भरून जातात आणि माणसांची बोटं नाहीशी होतात. ते टाळायला ऑपरेटर सगळ्याच रेघा जाड करतो, आणि चित्रकाराचा हात तिथेच संपतो. त्यापेक्षा आधी रंगवलेल्या कापडावर डिस्चार्ज करून, म्हणजे रेघांपुरता रंग रसायनाने उडवून घ्या. त्यासाठी कापडाच्या जमिनीचा रंग डिस्चार्ज होणारा हवा, म्हणून रंगाऱ्याकडून आधी एक मीटरचा नमुना मागा. खडी, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या जाड लेपाची छपाई, स्वस्त पडते, पण हाताला कडक लागते, आणि 150 अंशांवर चार-पाच मिनिटं क्युरिंग, म्हणजे तापवून पक्कं करणं, झालं नसेल तर धुताना निघते.

आता काय घ्यायचं. लग्नचौक छापू नका, असं मी स्पष्ट सांगते. वारली लग्नात घरातल्या भिंतीवर सुवासिनी तो चौक लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आणि आत पालघट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तोच चौकोन उशीच्या अभ्ऱ्यावर, पायपुसण्यावर, बसायच्या बाजूला येणाऱ्या कपड्यावर छापलेला मी बाजारात पाहते आणि मला ते अतिशय वाईट वाटतं. नुसती चौकट सुंदर दिसते म्हणून देवी काढून रिकामी चौकट वापरणं तर त्याहून वाईट. भातलावणी, मासेमारी, ताडी काढणारा माणूस, बाजार हे विषय चित्रकार स्वतः कागदावर आणि कापडावर काढून विकतात. तिथून सुरुवात करा. आणि चित्र अंगावर नेमकं कुठे येणार हे चित्रकाराला कच्च्या कपड्यावर दाखवा. कागदावरच्या स्केचवरून ते कळत नाही.

परवानगी कुणाची, हा प्रश्न प्राडाच्या प्रकरणातून नीट समजतो. कोल्हापुरीवरून प्राडाविरुद्ध केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळली, कारण कोल्हापुरीच्या मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नव्हते. ते मालक म्हणजे महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, ही चामड्याच्या उद्योगाची सरकारी महामंडळं. डिसेंबरमध्ये प्राडाचा करार झाला तो याच दोन महामंडळांशी, दोन्ही राज्यांत 2,000 जोड बनवून घेण्याचा. म्हणजे नाव वापरायचं तर नोंदणी कुणाकडे आहे ते पाहायचं, आणि चित्र वापरायचं तर चित्रकाराशी बोलायचं. चित्रकाराची सही त्याच्या चित्रापुरती. अख्ख्या समाजाच्या चौकाची परवानगी एकटा माणूस देऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

करार लेखीच हवा, आणि चित्रकाराला समजेल अशा मराठीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुम्ही दुबईला माल पाठवणार असाल आणि ते लिहिलं नसेल, तर तुम्हाला तो हक्कच नाही. कोणतं चित्र, कोणत्या वस्तूवर, किती मीटर, रंग बदलायचा का, चित्राचा तुकडा वापरायचा का, हे सगळं वेगवेगळं लिहा.

पैशाचं उदाहरण घेऊ. 600 मीटर छापलं, कुर्त्याला अडीच मीटर, म्हणजे 240 कुर्ते. कुर्ता 1,800 रुपयांना विकला तर विक्री 4,32,000. पाच टक्के मानधन धरलं तर 21,600, म्हणजे कुर्त्यामागे 90 रुपये. एवढ्याने कुणाचा धंदा बुडत नाही. 90 रुपये परवडत नसतील तर ते चित्र तुम्हाला परवडत नाही, असं माझं मत आहे. निम्मी रक्कम छपाईआधी द्या, उरलेली दर तिमाहीला हिशेबासोबत. 'एकदाच पाच हजार देऊन टाकू' हा प्रस्ताव मला मान्य नाही, कारण चाललेलं डिझाइन पुन्हा पुन्हा छापलं जातं आणि दुसऱ्या छपाईला चित्रकार कुणाच्या लक्षात राहत नाही.

लेबलवर चित्रकाराचं नाव, पाडा, तालुका आणि छपाईचा प्रकार, चारही लिहा. डिजिटल प्रिंटवर 'अस्सल वारली पेंटिंग' लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, आणि मानांकनाच्या दृष्टीनेही धोक्याचं.

मिलला फाइल देताना ऑर्डरवर 'इतर कुणासाठी छापू नये' असं लिहून सही घ्या. छपाई संपली की स्क्रीन धुवून घ्या किंवा स्वतःच्या ताब्यात घ्या. छपाईत खराब झालेलं कापड मोजून परत मागा. ते मिलमध्ये राहिलं की वजनावर विकलं जातं, आणि तेच डिझाइन नावगाव नसलेलं फुटपाथवर दिसतं. उरलेल्या मीटरचा आकडा चित्रकाराच्या हिशेबात दाखवा, आणि शेवटचं बिल हे सगळं जुळल्यावरच चुकतं करा.