मावशीचा स्वेटर: वेणी सरळ झाली, उंची बाकी

पाठ विणून तयार, पुढच्या भागातली वेणी (टाके एकमेकांवरून पिळून केलेली नक्षी) दुरुस्त, बाह्यांना अजून हात लावलेला नाही. एवढं काम पुढे सरकलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. सांगलीच्या मावशीने मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी हा स्वेटर विणायला घेतला होता, तोही गडद निळ्या लोकरीत. दिसेल तसं विणत गेली. ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, आणि विणकाम बघून म्हणाली, "अगं, हे कुणी विणलंय?" मग पिशवी साताऱ्याला माझ्याकडे.

बॉर्डरमधला चुकार टाका किरकोळ होता. दोन सुलट दोन उलटमध्ये एक टाका उलटऐवजी सुलट पडलेला. तेवढाच टाका सुईवरून सोडून खालपर्यंत उसवला आणि क्रोशाच्या सुईने परत वर आणला. उलट टाका उचलायचा असेल तर मी काम पालथं करते. मागून तो सुलटच दिसतो, मग पुढून कसरत कशाला?

खरा घोळ वेणीत. सहा टाक्यांची वेणी, दर आठ ओळींनी पीळ, प्रत्येक वेळी तीन टाके पुढे धरून. एका पिळाला ते मागे धरले गेले आणि वेणीने मध्येच दिशा बदलली. त्याच्यावर आणखी एक पीळ बरोबर पडलेला, म्हणजे चुकलेली ओळ धरून बारा ओळी झालेल्या. फोनवर मावशीचा निकाल तयार होता: "बाराच ओळी ना? उसव आणि मोकळी हो."

ओळीत टाके ११८. बारा ओळींचे १४१६ होतात, आणि त्यातले चुकीच्या जागी किती, तर वेणीचे ७२. बाकीच्यांनी काय पाप केलंय? उसवायचा सल्ला देणारे पुष्कळ असतात, पण उसवलेली लोकर कुरळी होते आणि पुन्हा विणताना हात बदलला की जोड दिसतो, हे कुणी सांगत नाही. त्यात विणलेला हात मावशीचा, माझा नाही. माझे टाके जरा घट्ट पडतात.

म्हणून सुईवरून फक्त वेणीचे सहा टाके उतरवले आणि चुकलेल्या पिळाच्या खालपर्यंत सोडत नेले. मग ते मोज्यांच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या सुईवर घेतले. विणकाम दहा नंबरवर आहे, ही सुई अकराची, म्हणजे सव्वातीनच्या जागी तीन मिलिमीटर. (जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, नवख्यांनी लक्षात ठेवा.) वर बारा सुटे धागे आडवे लोंबत होते. ते जुन्या उशीवर टाचण्यांनी क्रमाने टोचून ठेवले. सगळ्यात खालचा धागा आधी विणायचा. क्रम चुकला की सहाही टाके परत खाली.

काम उलटायचं नाही. वेणी समोरून सगळी सुलटच असते, त्यामुळे एक धागा विणून झाला की टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे आणि पुढचा धागा घ्यायचा. पहिल्याच धाग्याला तीन टाके पुढे धरून पीळ घातला, नवव्याला वरचा पीळ. पिळाच्या ओळीत धागा तोकडा पडतो आणि कडेचे टाके ढगळ होतात. ती ढिलाई सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्यांत थोडी थोडी वाटून दिली. उरलंसुरलं धुतल्यावर बसेल. लोकर ॲक्रिलिक आहे, म्हणून इस्त्री मात्र दूरच ठेवणार. जास्त वाफ लागली की ॲक्रिलिक लुळं पडतं ते कायमचं.

आता प्रत्येक पिळाआधी सगळ्या टाक्यांतून क्रोशाचा पांढरा सुती दोरा ओवून ठेवतेय, म्हणजे चुकलं तर उसवताना टाके तिथेच थांबतील. खुणेच्या रिंगांतून तो जाऊ द्यायचा नाही, नाहीतर रिंगा तिथेच अडकून बसतात.

उंची दोन इंच कमी भरतेय. पुढचा भाग बगलेच्या खालीच आहे, त्यामुळे तिथे नुसतं जास्त विणायचं. पाठीला कात्री लागणार. बॉर्डरच्या जरा वर एक टाका कापून ती ओळ मोकळी करायची, वरचे टाके सुईवर घ्यायचे आणि खालच्या दिशेने विणत जायचं. असं विणताना टाके अर्ध्या टाक्याने सरकतात, पण पाठ साधी सुलट असल्याने कळणार नाही. वेणीवर मी हे धाडस करणार नाही.

राजवाड्याजवळच्या दुकानात तोच रंग मिळाला, पण रंगवल्याचा लॉट वेगळा. दिव्याखाली सारखाच वाटतो, दारात नेला की फरक दिसतो. बाह्यांना दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या अशा घालेन, म्हणजे फरक उठून दिसणार नाही. मावशीला आता गळाही व्ही हवाय. ते बाह्या झाल्यावर बघू.