सेगेडच्या लेसरखाली सांगलीचं कोपर

गेले पाच आठवडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी, लॅबला जाण्याआधी मी इथल्या, हंगेरीतल्या सेगेड शहराच्या, त्वचारोग विभागात जाते, गडद चष्मा लावते आणि कोपर टेबलावर टेकवून बसते. नर्स खपल्यांवर तेलाचं बोट फिरवते, म्हणजे प्रकाश वरच्यावर विखुरत नाही, आत उतरतो. मग लेसरचं टोक कातडीला टेकतं. टक्‌टक् आवाज, किंचित ऊब. दोन कोपरं आणि डावा गुडघा मिळून पाच-सात मिनिटं लागतात.

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडले होते. आमच्या घरात सोरायसिस हा शब्द कुणी उच्चारत नसे. बाबांना तो मी लहान असल्यापासून आहे. गावभागातल्या घरात मे महिन्याच्या उकाड्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. एका लग्नात ते जिलेबी वाढत होते, तेव्हा पंगतीतल्या माणसाने ताटावर आडवा हात धरला. त्यानंतर बाबा कधी वाढायला उभे राहिले नाहीत. मी तेव्हा चौथीत होते. तो हात मला अजून दिसतो.

कुणी त्याला गजकर्ण म्हणायचं, कुणी कोड. हा आजार या दोन्हींपेक्षा वेगळा. गजकर्ण बुरशीने होतं आणि पसरतं, कोडात कातडीचा रंग जातो. सोरायसिसमध्ये स्वतःचीच प्रतिकारशक्ती बिथरते. एरवी महिनाभराने बदलणारी कातडी चार-पाच दिवसांतच नवी होऊन वर येत राहते आणि त्याचे थर साचतात. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एक टॉवेल वापरल्याने तो कुणालाही होत नाही. हे त्या पंगतीत कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं.

आजीने हळदीचे लेप लावले. मग ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेली मलमं आली, चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेली. त्यातल्या स्टिरॉइडने आठवड्यात कातडी गुळगुळीत व्हायची आणि मलम थांबवलं की चट्टे पुन्हा दुपटीने उठायचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली, आम्ही विश्रामबागला आत्याकडे राहिलो. त्या ताणाच्या दिवसांत बाबांची पाठ भरून गेली.

माझा पहिला चट्टा इथल्या पहिल्या हिवाळ्यात उमटला. बाहेर ऊन नाही, घरात हीटरची कोरडी हवा. खाजवलं की तिथे नवा उठायचा. आईबाबांना मी चार महिने काहीच कळू दिलं नाही. बाबांसारखीच मीही बाह्या खाली ओढून बसले होते.

मी लेसरवर काम करते, पण ही गोष्ट मला डॉक्टरांकडून कळली: 308 नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर सोरायसिसवर पहिल्यांदा वापरल्याचं इथल्याच, सेगेडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आणि भौतिकशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. झेनॉन हा सहसा कुणाशी जोडला न जाणारा वायू. विजेचा जोर मिळाला की तो क्लोरीनशी क्षणभर जुळतो आणि ती जोडी फुटताना हा अतिनील प्रकाश बाहेर पडतो. चट्ट्यात ठाण मांडून बसलेल्या, बिथरलेल्या पेशी त्याने मरतात. मोठी गोष्ट अशी, की प्रकाश फक्त चट्ट्यावर पडतो, भोवतालच्या निरोगी कातडीला उगाच अतिनील किरण सोसावे लागत नाहीत. म्हणूनच मात्राही जरा जास्त देता येते.

मात्रा ठरवताना आपल्या रंगाचा प्रश्न येतो. माझ्या कमरेवर वाढत्या मात्रेचे छोटे चौकोन भाजले आणि दुसऱ्या दिवशी लाली कुठे आली ते पाहिलं. गोऱ्या कातडीवर ती लगेच दिसते, सावळ्या कातडीवर नीट निरखावी लागते. तरी तिसऱ्या खेपेला डाव्या कोपरावर फोड आलाच. पुढच्या वेळी ती जागा वगळली, मात्रा कमी केली. सातव्या खेपेनंतर खपल्या गेल्या. आता तिथे तपकिरी डाग आहेत, उन्हाने रापल्यासारखे. ते हळूहळू फिके होतील. आजार मुळातून गेलेला नाही. काही महिन्यांनी चट्टे परत येऊ शकतात, तेव्हा पुन्हा जाईन.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, “दाखव बघू कोपर.” मी दाखवलं.

“डाग राहिला की गं.”

“जाईल तो, बाबा. हात फिरवला तर काही लागत नाही.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग त्यांनी मनगटाचं बटण काढलं, बाही वर सारली आणि हात कॅमेऱ्यासमोर धरला. इतक्या वर्षांत आपणहून पहिल्यांदा. “आमच्या पाठीला चालंल का ते?”

पाठीसारख्या मोठ्या भागावर हा लेसर इंच इंच करत फिरवणं जमणारं नाही. त्यासाठी उभं राहायची केबिन असते, 311 नॅनोमीटरच्या ट्यूब लावलेली. नाहीतर गोळ्या, इंजेक्शनं. यातलं काय, ते तपासूनच ठरेल. सोमवारी ते मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणार आहेत, आई सोबत असेल. मी त्यांना दोन गोष्टी कागदावर लिहायला लावल्या: रक्तदाबाच्या गोळीचं नाव, कारण त्यातल्या काहींनी सोरायसिस भडकतो, आणि सकाळी उठल्यावर बोटं आखडतात ते, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो. बोटांचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. आईने तो कागद फाइलला टाचून ठेवलाय.