तोडगा लागू पडला, तरीही

आजच्या वाचनात बायबलच्या जुन्या करारातलं २ इतिहास, अध्याय १६ होता. दिवसभर तो मनातून हलला नाही.

इस्राएलाचा राजा बाशा रामा नगराला तटबंदी करू लागला. रामा यरुशलेमेच्या उत्तरेला जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर, म्हणजे यहूदाची वाटच अडली. यहूदाचा राजा आसा घाबरला. त्याने मंदिराच्या आणि राजवाड्याच्या भांडारांतलं सोनंरुपं काढून दिमिष्काच्या (दमास्कसच्या) राजा बेन-हदादाला पाठवलं, बाशाशी असलेला करार मोड म्हणून. आणि ते जमलं! बाशा हटला, रामाचे दगड-लाकूड उचलून आसाने गेबा आणि मिस्पा बांधले.

म्हणूनच देवाऐवजी माणसावर भिस्त ठेवणारी अशी तडजोड ओळखणं कठीण जातं. ३०० रथ घेऊन चालून आलेल्या शत्रू जेरहापुढे हाच आसा आधी प्रार्थना करून लढला होता. भीतीत निर्णय घेताना दोन गोष्टी तपासाव्यात: देवासाठी वेगळं ठेवलेलं काही आपण मोडतोय का, आणि खरं बोलणारा माणूस नकोसा होतोय का. आसाने चूक दाखवणाऱ्या हनानी द्रष्ट्याला तुरुंगात टाकलं.

कारकिर्दीच्या ३९व्या वर्षी त्याच्या पायांना भारी रोग जडला. वैद्य बोलावले, यात काही गैर नाही. पण तेव्हाही त्याने परमेश्वराचा धावा केला नाही.